बर्फातला तापमापी : जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यांची जीवनकहाणी



विज्ञानाच्या क्रमिक पुस्तकात ‘ज्यूल’ हा शब्द आपणां सर्वांना भेटलेला आहे. कार्याचे एकक ज्यूल, ऊर्जेचे एकक ज्यूल आणि उष्णतेचेही एकक ज्यूल. परीक्षेत एका गुणासाठी तो शब्द लिहायचा आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचे, अशी आपली रीत. परंतु हा शब्द म्हणजे एका हाडामांसाच्या माणसाचे आडनाव आहे. हा माणूस कधी शाळेत गेला नाही, विद्यार्थी म्हणून कोणत्याही विद्यापीठाची पायरी चढला नाही, आणि तरीही सृष्टीतल्या एका फार मोठ्या नियमाचा पाया त्याने घातला. पुस्तकात त्यांच्या वल्हीचाकाच्या प्रयोगाची आकृती असते. ती हकीकत मी सांगणार आहेच. पण त्यासोबत दुसरीही एक गोष्ट मला सांगायची आहे, जी क्रमिक पुस्तकांत सहसा येत नाही. एकच तापमापी या गृहस्थांनी १८४४ पासून १८८२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ ३९ वर्षे, पुन्हा पुन्हा वितळत्या बर्फात बुडवून पाहिला. का पाहिला आणि त्यातून काय निघाले, हे आपण सावकाश पाहू.

जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यांचा जन्म २४ डिसेंबर १८१८ रोजी इंग्लंडमधील मँचेस्टरला लागून असलेल्या सॅलफर्ड या गावी झाला. वडील बेंजामिन ज्यूल हे बिअर तयार करणाऱ्या मोठ्या कारखान्याचे मालक होते. आपल्या दृष्टीने हा व्यवसाय निषिद्ध आहे. म्हणून ही गोष्ट झाकून चरित्र सांगावे असे काहींना वाटेल, पण मला ते पटत नाही. त्या कारखान्यात दिवसरात्र पिंपांचे तापमान पाहावे लागे. एखाद्या अंशाचा फरक पडला तर सगळा माल फुकट जाई. बारीक तापमान वाचण्याची नजर ज्यूल यांना मिळाली ती त्याच ठिकाणी, असे त्यांच्या चरित्राच्या अभ्यासकांचे मत आहे. चरित्र लिहायचे तर हे वगळून कसे चालेल?

लहानपणी जेम्सची प्रकृती नाजूक होती. पाठीच्या कण्याचे दुखणे होते, त्यामुळे शरीराला किंचित बाक आलेला. स्वभाव अतिशय लाजाळू. वडिलांनी त्याला शाळेत न घालता घरीच शिक्षक ठेवले. १८३४ साली जेम्स आणि त्याचा थोरला भाऊ बेंजामिन या दोघांना त्यांनी जॉन डाल्टन यांच्याकडे पाठवले. होय, अणुसिद्धांताचे तेच डाल्टन. त्या वेळी ते वृद्ध झाले होते आणि मँचेस्टरच्या साहित्य व तत्त्वज्ञान संस्थेच्या इमारतीत मुलांना शिकवून उदरनिर्वाह करीत होते. मुलांना ओढ रसायनशास्त्राची. उस्तादांचा हट्ट असा की, आधी अंकगणित आणि युक्लिडची भूमिती पक्की झाली पाहिजे. (युक्लिडचा तो ग्रंथ बाराव्या शतकात पश्चिम युरोपात पोहोचला तो अरबी भाषांतरांवरून, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे म्हणून येथे सांगून ठेवतो.) रसायनशास्त्राला जेमतेम सुरुवात झाली आणि १८३७ साली डाल्टन यांना पक्षाघाताचा झटका आला. शिकवणी संपली. ज्यूल यांचे रीतसर म्हणता येईल असे शिक्षण एवढेच. पण मोजल्याशिवाय बोलायचे नाही, ही सवय त्या दोन-तीन वर्षांत अंगी लागली ती कायमची.

पुढे वडील वारंवार आजारी पडू लागले आणि दोन्ही भावांवर कारखान्याचा भार आला. दिवसा कारखाना, पहाटे आणि रात्री प्रयोग असा जेम्सचा क्रम सुरू झाला. त्या काळात विजेचे फार कौतुक होते. विजेची मोटर नुकतीच जन्मली होती, आणि ती लवकरच वाफेच्या इंजिनाला हद्दपार करील अशी पुष्कळांची समजूत होती. १९ वर्षांच्या ज्यूलनाही तसेच वाटले. कारखान्यातले वाफेचे इंजिन काढून तेथे विजेवर चालणारे यंत्र बसवावे, हा त्यांचा बेत. त्यावरचा त्यांचा पहिला लेख १८३८ साली छापून आला.

इथे व्यापाऱ्याच्या मुलाचा हिशेबीपणा उपयोगी पडला. विद्युत् घटात एक पौंड जस्त खर्च केले तर किती वजन किती उंच उचलले जाते, आणि इंजिनात एक पौंड कोळसा जाळला तर किती, असा त्यांनी ताळा मांडला. उत्तम इंजिनातला कोळसा जवळजवळ पाचपट काम देत होता. शिवाय जस्त कोळशापेक्षा कितीतरी महाग. बेत बारगळला. पण त्या ताळ्यातून एक प्रश्न उरला आणि पुढे आयुष्यभर त्याने त्यांचा पिच्छा पुरवला. काम आणि उष्णता यांचा एकमेकांशी नेमका विनिमयाचा दर काय?

१८४० मध्ये त्यांनी तारेतून वीज जाताना किती उष्णता निर्माण होते ते मोजले. विद्युत्प्रवाह दुप्पट केला तर उष्णता चौपट होते. प्रवाहाचा वर्ग आणि तारेचा रोध यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात ती असते. आपल्या घरातली इस्त्री आणि पाणी तापवायचा हीटर याच नियमावर चालतात. हा निबंध त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठवला. सोसायटीने त्याचा फक्त गोषवारा छापला. पूर्ण निबंध पुढच्या वर्षी दुसऱ्या नियतकालिकात आला. १८४२ मध्ये त्यांनी आणखी एक शोध प्रसिद्ध केला. लोखंडाची कांब चुंबकित केली की तिची लांबी किंचित बदलते. हा बदल इतका सूक्ष्म असतो की डोळ्यांनी दिसण्याची बातच नको. हा शोध ध्यानात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

आता मूळ प्रश्न. त्या वेळचे बहुतेक विद्वान असे मानीत की, उष्णता हा एक वजनरहित, न दिसणारा द्रव आहे. गरम वस्तूतून तो थंड वस्तूत वाहतो, पण नवा निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही. ज्यूल म्हणू लागले की, तसे नाही. काम खर्च झाले की तेवढ्या प्रमाणात उष्णता नव्याने उत्पन्न होते. ऑगस्ट १८४३ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क शहरी ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात त्यांनी पहिला आकडा सांगितला. एक पौंड पाण्याचे तापमान एक अंश फॅरनहाइटने वाढवायला लागणारी उष्णता म्हणजे ८३८ पौंड वजन एक फूट उचलण्याचे काम. सभेत कोणी फारशी दखल घेतली नाही. १८४४ मध्ये हवा दाबून केलेल्या प्रयोगांचा निबंध रॉयल सोसायटीकडे पाठवला. तो नाकारला गेला.

विद्वानांना दोष देण्याआधी, वाचकहो, त्यांची अडचणही समजून घ्या. ज्यूल यांचा सगळा दावा अंशाच्या अपूर्णांकांवर उभा होता. पिंपभर पाणी घुसळून ते अर्ध्या अंशाने तापले, यावर शतकभराची समजूत कोणी का सोडावी? आणि हा अर्धा अंश मोजणारा कोण, तर मँचेस्टरचा एक बिअर कारखानदार! प्राध्यापक नाही, पदवीधर नाही. तेव्हा ज्यूल यांची सारी भिस्त होती ती एका वस्तूवर, आणि ती म्हणजे तापमापी.

मँचेस्टरमध्ये जॉन बेंजामिन डान्सर नावाचे उपकरणे बनवणारे कुशल कारागीर होते. त्यांच्याकडून ज्यूल यांनी खास तापमापी तयार करवून घेतले. नळीची पोकळी सर्वत्र सारखी आहे की नाही, हे फिरत्या सूक्ष्मदर्शकाखाली पाऱ्याचा थेंब सरकवून तपासले आणि त्यानुसार रेघा आखल्या. यांतल्या एका तापमापीवर एका फॅरनहाइट अंशात सुमारे १३ रेघा होत्या. सराव झालेल्या नजरेने ज्यूल एका अंशाचा दोनशेवा भाग वाचीत. एप्रिल १८४४ मध्ये त्यांनी हा तापमापी वितळत्या बर्फात ठेवून गोठणबिंदूची जागा टिपून ठेवली.

वडिलांचीही येथे आठवण केली पाहिजे. कुटुंब नव्या घरी राहायला गेले तेव्हा त्यांनी मुलासाठी घराशेजारी प्रयोगशाळा बांधून दिली. मुलगा काय करतो आहे हे त्यांना पूर्ण कळत असेल असे वाटत नाही. आपल्यातल्या बहुतेकांच्या घरी प्रयोगशाळा बांधून देणारा बाप नसतो, हे लपवण्यात अर्थ नाही. ज्यूल गरीब नव्हते. पण श्रीमंत कारखानदारांची मुले मँचेस्टरात शेकड्यांनी होती. त्यांपैकी किती जण पहाटे उठून तळघरात पाणी घुसळीत बसले?

तर ते घुसळणे कसे होते ते ऐका. तांब्याच्या भांड्यात पाणी. त्यात पितळी पात्यांचे वल्हीचाक. पाणी चाकाबरोबर नुसते गरगर फिरू नये म्हणून भांड्याला आतून स्थिर पाती बसवलेली. चाकाच्या दांड्याला दोऱ्या गुंडाळून त्या दोन बाजूंच्या कप्प्यांवरून नेलेल्या, आणि त्यांना प्रत्येकी सुमारे २९ पौंडांची शिशाची वजने टांगलेली. वजने सुमारे ६३ इंच खाली उतरत आणि चाक फिरे. मग वजने पुन्हा वर गुंडाळायची. असे २० वेळा. एका प्रयोगाला सुमारे ३५ मिनिटे लागत. एवढ्या उठाठेवीनंतर पाणी तापे ते अर्ध्या फॅरनहाइट अंशाहून थोडे अधिक! प्रयोग करणाऱ्याच्या अंगाची ऊबसुद्धा पाण्यापर्यंत पोहोचू नये म्हणून मध्ये लाकडी पडदा उभा केलेला असे. खोलीच्या हवेमुळे पाणी किती तापते किंवा निवते हे पाहण्यासाठी वजने न सोडता तेवढाच वेळ वेगळी मोजणी केली जाई. चाळीस-चाळीस वेळा प्रयोग करून सरासरी काढली जाई. पाण्याऐवजी पारा घेऊन पाहिले. लोखंडावर लोखंड घासून पाहिले. आकडा जवळपास तोच.

२८ एप्रिल १८४७ रोजी मँचेस्टरमधील सेंट ॲन चर्चच्या वाचनालयात त्यांनी सामान्य श्रोत्यांपुढे व्याख्यान देऊन आपला विचार सांगितला. शास्त्रीय मासिके दाद देत नव्हती, तेव्हा भाऊ बेंजामिन मदतीला आला. तो एका स्थानिक वर्तमानपत्रात संगीतावर लिहीत असे. त्याच्या खटपटीने ते व्याख्यान त्या वर्तमानपत्रात छापले गेले. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा हा महत्त्वाचा जाहीरनामा प्रथम बाजारभावांच्या आणि बातम्यांच्या शेजारी वाचायला मिळाला, ही गंमतच. ज्यूल श्रद्धावान गृहस्थ होते. सृष्टिकर्त्याने निर्माण केलेली शक्ती माणसाच्या हातून नष्ट होणे शक्य नाही, ती केवळ रूप बदलते, असा त्यांचा विश्वास होता आणि तो त्यांनी व्याख्यानात बोलूनही दाखवला. मात्र विश्वास आहे म्हणून मोजणी थांबवली, असे त्यांनी केले नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये ऑक्सफर्डच्या अधिवेशनात त्यांना थोडक्यात आटपण्याची सूचना मिळाली. निबंध असाच विरून गेला असता. पण श्रोत्यांत विल्यम थॉमसन नावाचे ग्लासगोचे तरुण प्राध्यापक होते. वय अवघे २३ वर्षांच्या आसपास. हेच पुढचे लॉर्ड केल्व्हिन. त्यांना ज्यूल यांचे म्हणणे लगेच पटले नाही, पण यात काहीतरी मोठे आहे हे त्यांनी ओळखले आणि दोघांची जी मैत्री जमली ती जन्मभर टिकली. १८ ऑगस्ट १८४७ रोजी ज्यूल यांचा अमेलिया ग्राइम्स यांच्याशी विवाह झाला. लग्नानंतर आल्प्सच्या प्रवासात असताना थॉमसन यांची त्यांच्याशी अचानक गाठ पडली. ज्यूल यांच्या हातात लांबलचक तापमापी होता, आणि धबधब्याच्या वरचे व खालचे पाणी किती फरकाने गरम आहे ते त्यांना पाहायचे होते, असे थॉमसन पुढे म्हातारपणी सांगत. या कथेतल्या तापमापीविषयी अभ्यासकांना शंका आहे. पण कथा खोटी असली तरी ती ज्यूल यांच्यावरच रचली गेली, यातच सारे आले.

१८४९ मध्ये मायकेल फॅरडे यांनी ज्यूल यांचा मोठा निबंध रॉयल सोसायटीपुढे सादर केला. आकडा होता ७७२. घर्षण म्हणजेच कामाचे उष्णतेत रूपांतर, हे त्यातले स्पष्ट विधान मात्र तपासनीसांच्या सांगण्यावरून गाळावे लागले. निबंध छापला, निष्कर्ष कापला! तरी १८५० मध्ये ज्यूल सोसायटीचे सभासद झाले, १८५२ मध्ये त्यांना रॉयल पदक मिळाले. याच सुमारास जर्मनीतील डॉक्टर रोबर्ट मायर यांच्या अग्रहक्काचा वादही निघाला. मायर यांनी १८४२ मध्ये हाच विचार मांडला होता, आणि त्यांना त्याचे श्रेय मिळणे न्यायाचेच होते. विचार मायर यांचाही, पण त्याला अनेक वाटांनी जाऊन प्रयोगाचा भरभक्कम आधार दिला तो ज्यूल यांनी, असे म्हटले तर कोणावर अन्याय होणार नाही.

१८५४ हे वर्ष वाईट गेले. अमेलिया वारल्या, नुकतेच जन्मलेले मूलही गेले. मागे एक मुलगा आणि एक मुलगी, दोन्ही लहान. ज्यूल यांनी पुन्हा लग्न केले नाही. त्याच सुमारास कारखानाही विकला गेला. थॉमसन यांच्याबरोबर १८५२ मध्ये सुरू केलेले वायूंवरचे प्रयोग मात्र चालू राहिले. दाबाखालचा वायू सच्छिद्र बुचातून पसरू दिला की बहुतेक वायू थंड होतात, हे त्यातून निघाले. पुढे हवा द्रवरूप करण्याची यंत्रे या तत्त्वावर उभी राहिली.

आता तो बर्फातला तापमापी. एप्रिल १८४४ मध्ये गोठणबिंदूची जी जागा टिपली होती, तेथेच पारा पुन्हा यायला हवा होता. बर्फ तेच, पारा तोच. पण फेब्रुवारी १८४६ मध्ये पारा साडेपाच रेघा वर थांबला. एप्रिल १८४८ मध्ये ६.९ रेघा. फेब्रुवारी १८५३ मध्ये ८.८. एप्रिल १८५६ मध्ये ९.५. डिसेंबर १८६० मध्ये ११.१. मार्च १८६७ मध्ये ११.८. आणि डिसेंबर १८८२ मधले शेवटचे वाचन १३.२६. म्हणजे इतक्या वर्षांत गोठणबिंदू सुमारे एक फॅरनहाइट अंशाने वर सरकला.

ज्याचा सारा दावा अर्ध्या अंशावर उभा, त्याच्याच तापमापीचे शून्य एका अंशाने सरकते! दुसरा कोणी असता तर ही गोष्ट तळघरातच ठेवली असती. ज्यूल यांनी ती मँचेस्टरच्या संस्थेत जाहीर वाचली आणि पुढची वाचने वेळोवेळी जोडीत गेले. यात त्यांच्या मुख्य प्रयोगाला धोका नव्हता, हेही समजून घ्या. वल्हीचाकाच्या प्रयोगात ३५ मिनिटांच्या आधीचे आणि नंतरचे वाचन यांतला फरक घ्यायचा असे. अर्ध्या तासात शून्य काही सरकत नाही. पण हे छातीठोकपणे सांगण्यासाठी शून्य किती सावकाश सरकते हे माहीत असावे लागते. ते माहीत झाले बर्फामुळे.

मग पारा वर का चढत होता? दोष पाऱ्याचा नव्हता, काचेचा होता. तापमापीचा फुगा तयार करताना काच तापवून फुंकतात आणि ती भराभर निवते. निवताना आतल्या अणूंना नीट बसायला अवधी मिळत नाही. ईदच्या किंवा गणपतीच्या सुट्टीत मुंबईहून कोकणात निघालेली एस.टी. डोळ्यांपुढे आणा. सुटताना माणसे, बोचकी, ट्रंका कशाही कोंबलेल्या. पनवेल येईपर्यंत खड्ड्याखड्ड्यांनी माणसे जराशी सरकतात, बोचके बाकाखाली जाते, आणि अरे, येथे तर आणखी एकाला जागा झाली! काचेतले अणू असेच वर्षानुवर्षे किंचित सरकत राहतात. काच किंचित आकसते, फुगा लहान होतो आणि पारा नळीत वर चढतो. काचेच्या अशा स्वस्थ होत जाण्याला शास्त्रीय परिभाषेत शिथिलन म्हणतात. (जुन्या चर्चच्या खिडक्यांच्या काचा तळाशी जाड असतात, त्या काच वाहिल्यामुळे, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते खरे नव्हे. जुन्या पद्धतीने बनवलेल्या काचेची जाडीच मुळात कमीजास्त असे.)

ज्यूल यांच्या आकड्यांकडे पुन्हा एकदा पाहा. पहिल्या चार वर्षांत जवळजवळ सात रेघा, आणि उरलेल्या साडेचौतीस वर्षांत साडेसहाहून थोड्या कमी. गरम चहा निवतो त्या साध्या नियमाने हिशेब केला तर १८६० पर्यंत काम जवळपास संपायला हवे होते. ते संपले नाही. आरंभी घाई आणि नंतर न संपणारी रेंगाळ, असा हा क्रम. अशा रेंगाळणाऱ्या क्रमाचे गणिती सूत्र रुडॉल्फ कोलराउश या जर्मन शास्त्रज्ञांनी १८५४ साली, काचेच्या बरणीत साठवलेली वीज कशी ओसरते हे पाहताना, मांडले होते. काचेच्या शिथिलनाला आज तेच सूत्र लावतात, आणि ज्यूल यांची वाचने त्याचे जुने उदाहरण म्हणून अभ्यासली जातात. १८८० च्या दशकात जर्मनीत येना येथे ओटो शॉट यांनी तापमापीसाठी खास काच तयार केली आणि शून्य सरकण्याचा त्रास पुष्कळ कमी झाला.

मित्रांनो, काच म्हटली की आपल्याला खिडकी आणि पेला आठवतो. पण धातूचीही काच होते. वितळलेला धातू साधारणपणे थंड होताना त्याचे अणू कवायतीतल्या रांगांसारखे ओळीने लागतात आणि स्फटिक बनतात. १९६० साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया तंत्रज्ञान संस्थेत पोल दुवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोने व सिलिकॉन यांचा रस सेकंदाला सुमारे दहा लाख अंश एवढ्या झपाट्याने गोठवला. अणूंना रांगा लावायला वेळच मिळाला नाही. गोंधळ जसाच्या तसा थिजला. ही धातुकाच. पुढे वितळलेल्या मिश्रधातूची धार वेगाने फिरणाऱ्या तांब्याच्या चाकावर सोडून तिच्या लांबच लांब पट्ट्या काढता येऊ लागल्या. लोखंड, बोरॉन आणि सिलिकॉन यांच्या अशा पट्ट्यांचे गाभे विजेच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये घालतात. नेहमीच्या पोलादी गाभ्यापेक्षा त्यांत वीज फार कमी वाया जाते. आपल्या देशातही असे ट्रान्सफॉर्मर वापरात आहेत.

ज्यूल यांच्या काचेचा स्वभाव या धातुकाचेतही आहे. इतक्या घाईने गोठल्यामुळे तिच्या अंगात ताण राहून जातात. म्हणून गाभा तयार झाल्यावर तो साडेतीनशे-चारशे अंश सेल्सिअसच्या सुमारास काही काळ तापवून सावकाश निववतात. अणू थोडे सरकतात, ताण उतरतो, चुंबकीय गुण सुधारतात. पण लोखंडी धातुकाच त्याबरोबर ठिसूळही होते. आधी वाकवली तरी न मोडणारी पट्टी नंतर कडकन तुटते. म्हणून किती वेळ, किती आच, याचा ताळमेळ कारखान्यात काटेकोरपणे सांभाळावा लागतो. या शिथिलनात धातुकाच थोडी उष्णता बाहेर टाकते, आणि ती मोजतात ती दर ग्रॅममागे इतके ज्यूल अशी. २०१२ मध्ये फ्रान्समधील ग्रेनोबल येथे क्ष-किरणांनी धातुकाचेतले अणू कसे हलतात ते पाहिले, तेव्हा साध्या काचेच्या रेंगाळण्याहून वेगळी चाल दिसली. साचलेला ताण मोकळा करीत अणू पुढे जातात, असा त्याचा अर्थ लावला गेला. हा विषय अजून पुरता उलगडलेला नाही. आपल्यापैकी कोणी पदार्थविज्ञान घेणार असेल तर येथे पुष्कळ काम शिल्लक आहे. आणि तो १८४२ चा शोध आठवतो ना, चुंबकामुळे लांबी बदलण्याचा? मोठ्या दुकानांत मालाला चोरी-प्रतिबंधक पट्ट्या लावतात. त्यांच्या एका प्रकारात धातुकाचेची बारीक फीत असते, आणि दारातल्या यंत्राच्या चुंबकीय लहरींनी ती लांबी बदलत थरथरते म्हणूनच ती ओळखू येते.

ज्यूल यांचे उतारवय सुखाचे नव्हते. १८७० मध्ये रॉयल सोसायटीचे कोप्ले पदक मिळाले, विद्यापीठांनी सन्मानाच्या पदव्या दिल्या. पण कारखाना गेल्यानंतर प्रयोगांवर स्वतःचाच पैसा खर्च होत आला होता आणि तो सरला. १८७८ मध्ये सरकारने वर्षाला २०० पौंडांचे निवृत्तिवेतन दिले. त्याच वर्षी साठीच्या उंबरठ्यावर त्यांनी पाणी घुसळण्याचा प्रयोग नव्याने, अधिक काटेकोरपणे करून प्रसिद्ध केला. आकडा आला ७७२.५५. आजचा स्वीकृत आकडा ७७८ च्या आसपास आहे. तळघरातल्या कप्प्या आणि शिशाची वजने घेऊन शंभरात एकाहूनही कमी चूक!

१८८२ मध्ये त्यांच्या नावाचे एकक सुचवले गेले, आणि १८८९ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय विद्युत् परिषदेत ते स्वीकारले गेले. ११ ऑक्टोबर १८८९ रोजी मँचेस्टरजवळ सेल या गावी राहत्या घरी त्यांचे निधन झाले. तेथल्या ब्रुकलँड्स कबरस्तानात त्यांची कबर आहे आणि तिच्या दगडावर ७७२.५५ हा आकडा कोरलेला आहे. मँचेस्टरच्या नगरभवनात त्यांचा पुतळा गुरू डाल्टन यांच्या पुतळ्यासमोर बसवलेला आहे. वल्हीचाकाचे ते भांडे लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे. आपल्यापैकी कोणी शिक्षणासाठी वा नोकरीसाठी त्या बाजूला गेला, तर जरूर पाहून यावे. भांडे अगदी लहान आहे. आपल्याकडे लग्नात पाणी भरून ठेवतात त्या पिंपाच्या शेजारी ते ठेवले तर दिसणारही नाही.